बैलाची शेळी

पौषातली पहाट होती. मांजरेच्या पात्रावरून येणारं वारं अंगावरच्या घोंगडीला जुमानत नव्हतं. बिलोली तालुक्याची ही पूर्वेकडची कड. नदी ओलांडली की तेलंगण लागतं, बोधनचा रस्ता लागतो. शेतातल्या आखाड्यावर पोचलो तेव्हा गोठ्यात अजून अंधार होता. मोबाईलचा उजेड पाडला. आमचा म्हातारा लाल कंधारी बैल पाय मुडपून बसला होता आणि त्याच्या पोटाशी काळी उस्मानाबादी शेळी मान टेकून झोपली होती. शेळ्यांचं खोपट तिथून दहा पावलांवर आहे. आत तिच्याच जातीच्या पाच शेळ्या एकमेकींना खेटून बसल्या होत्या. खोपटाचं दार उघडंच होतं. तरीही ती इथे होती.

उजेड डोळ्यांवर पडला तशी शेळीनं मान उचलली. बैलानं एक लांब श्वास सोडला आणि रवंथ सुरू केली. मी उजेड बंद केला आणि बाजेवर बसून राहिलो. गेली दोन वर्षं हे रोज पाहतो आहे, पण त्या पहाटे पहिल्यांदा वाटलं की यावर नीट विचार करायला हवा.

ही गोष्ट एका रिकाम्या जागेपासून सुरू होते. आमच्याकडे बैलांची जोडी होती. दोघेही एकाच वर्षी माळेगावच्या यात्रेतून आलेले. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं, कुत्री, लाल कंधारी आणि देवणी जनावरं असा तिथला बाजार डोळ्यांत मावत नाही. तिथून आणलेली ती दोन गोऱ्ही आमच्या मातीत मोठी झाली आणि बारा वर्षं एका जुवाखाली चालली. दोन वर्षांमागच्या कार्तिकात त्यातला डावीकडचा गेला. त्याला शेताच्या बांधालगत पुरलं. उरलेला बैल संध्याकाळी दावणीला आला आणि नेहमीच्या जागी बसला. त्यानं जोडीदाराची जागा मोकळी सोडली होती. दावण सगळी रिकामी होती, मनात आलं असतं तर तो मधोमध बसू शकला असता. पण तो आपल्या खुंट्याशी आपल्यापुरताच बसला, आणि पुढचे कितीतरी दिवस तसाच बसत राहिला.

तो खाईना. कडबा समोर पडून राही. ढेपेच्या घमेल्यात एकदा तोंड घालून मान वर करी. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी ताप पाहिला, पोट चाचपलं, पण रोग काही सापडला नाही. आम्हीही वयावर बोट ठेवून मोकळे झालो. आता वाटतं, रोग आम्हाला दिसत होता, पण आम्ही त्याला रोग म्हणायला तयार नव्हतो.

मग पौषात एक शेळी व्याली आणि दुसऱ्याच दिवशी गेली. मागे एकच पिल्लू उरलं, ओंजळीत मावेल एवढं. आमचे सालगडी मामा त्याला बाटलीनं दूध पाजत. दिवसा ते डालीखाली राही. रात्री खोपटातल्या दुसऱ्या शेळ्या त्याला ढुशी देऊन लांब सारत, कारण शेळीला आपलं पिल्लू वासावरून कळतं आणि परक्या पिल्लाला ती सहसा थारा देत नाही. शेवटी मामांनी गोठ्यात पोतं अंथरून पिल्लू तिथे ठेवलं. सकाळी पोतं रिकामं होतं. पिल्लू बैलाच्या पोटाशी होतं, बरोबर त्या मोकळ्या सोडलेल्या जागेत.

मला भीती वाटली. म्हटलं, "मामा, बैल कूस बदलेल आणि हे चेंगरेल."

मामा म्हणाले, "न्हाई चेंगरायचा. त्याला कळू लालंय की."

बैलाला खरंच कळत होतं. उठताना तो आधी मान वळवून बघे, मग मागचे पाय सावकाश उचले. पिल्लू मध्येच उठून त्याच्या गव्हाणीत उडी मारी आणि कडब्याची पानं ओढी. बैल थांबून बघे आणि मग त्याच पेंढीत स्वतः तोंड घाली. चौथ्या की पाचव्या दिवशी मामांनी लांबूनच हाक दिली, "दादा, बैल खाऊ लालाय!" त्या हाकेतला आनंद मला अजून ऐकू येतो.

पिल्लू तिथे का गेलं, याचं पहिलं उत्तर ऊब हे आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा आंबत असतो आणि त्या आंबण्यातून सतत उष्णता निघते. पौषाच्या रात्री बैलाचं पोट म्हणजे न विझणारी शेगडीच. आईविना पिल्लानं ती शोधली यात नवल नाही. पण ऊब थंडीपुरतीच लागते. फाल्गुन सरला, चैत्रात पत्रे तापले, रात्रीसुद्धा घाम फुटू लागला, तरी शेळी बैलापाशीच झोपत राहिली. तिथून पुढे नुसत्या उबेचं उत्तर पुरत नाही.

सोबतीचे दोन प्रकार असतात असं मला वाटतं. एक गरजेची सोबत आणि दुसरी मायेची. शेतावर दोन्ही रोज दिसतात.

गरजेची सोबत पाहायची तर गायबगळा पाहावा. पांढराशुभ्र पक्षी, विणीच्या दिवसांत डोक्यावर आणि मानेवर नारिंगी झाक चढलेली. चरणाऱ्या म्हशीच्या पायांपाशी तो एकेक पाऊल टाकत चालतो. म्हशीच्या खुरांनी गवत हललं की नाकतोडे उडतात आणि हा ते टिपतो. अभ्यासकांनी मोजून पाहिलं आहे की जनावराजवळ चरणाऱ्या बगळ्याला एकट्यानं चरणाऱ्या बगळ्यापेक्षा कमी चालून जास्त किडे मिळतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा पक्षी आफ्रिकेकडून अटलांटिक महासागर ओलांडून दक्षिण अमेरिकेत पोचला आणि तिथल्या गायींच्या मागेही असाच चालू लागला. आता आमच्याकडे नांगरट ट्रॅक्टरनं होते, तर बगळे ट्रॅक्टरच्या मागे तेवढ्याच संख्येनं उतरतात. बगळ्याला हललेली माती हवी असते. ती बैलानं हलवली की यंत्रानं, हा प्रश्न त्याचा नाही. त्यात त्याचा काही दोषही नाही. पिल्लांच्या चोचीत घास घालायचा तर किडे लागतात.

म्हशीच्या पाठीवर बसणारा कोतवाल, जनावराच्या कानामागचे गोचीड वेचणारी साळुंकी, हेही त्याच व्यवहारातले. दोघांचंही भलं होतं. बैलाच्या खांद्यावरची जखम टोचणारा कावळा मात्र जवळ येतो तो केवळ घेण्यासाठी. नुसतं जवळ असणं म्हणजे माया नव्हे, हे शेतकऱ्याला कावळा शिकवतो.

मायेची सोबत ओळखायची खूण वेगळी आहे. तिथे एकाच्या जागी दुसरा चालत नाही. मधे शेजाऱ्यांचा बैल आठवडाभर आमच्या दावणीला होता. तो तरणा होता, त्याच्यापुढे ओला चारा होता आणि त्याच्या शेजारी जागाही होती. शेळीनं त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. संध्याकाळी रानातून शेळ्या परत येतात, तेव्हा ही आपल्या कळपातून निघते, खोपटावरून पुढे जाते आणि थेट म्हाताऱ्या बैलाच्या गव्हाणीशी थांबते. तिला नुसता बैल नको असतो, तिला हाच बैल हवा असतो.

ही माया जडते कशी, याचा शोध माणसांनी घेतला आहे. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ बाब्राहम नावाची संशोधन संस्था आहे. तिथे कीथ केंड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेळीची नवजात करडं मेंढ्यांना लावली आणि मेंढीची कोकरं शेळ्यांना. १९९८ साली 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. मोठी झालेली ही पिल्लं सांभाळणाऱ्या आईच्या जातीत जास्त रमत होती. त्यांचं खेळणं, एकमेकांचं अंग साफ करणं हे पाळणाऱ्या आईच्या जातीसारखं झालं होतं. चरण्याची रीत आणि आवाज मात्र जन्माच्या जातीचाच राहिला. पुढे ती आपल्या जातीत राहू लागली तेव्हा माद्या एक-दोन वर्षांत तिकडे वळल्या, पण नरांची ओढ पाळणाऱ्या आईच्या जातीकडेच टिकून राहिली.

हे वाचलं तेव्हा मी उठून गोठ्यात गेलो होतो. आमच्या शेळीचा आवाज शेळीचाच आहे. बाभळीच्या फांदीला ती मागच्या पायांवर उभी राहून तोंड घालते, ते बैलाला या जन्मात जमणार नाही. पण तिचं घर बैल आहे. रक्तानं आवाज दिला आणि सोबतीनं घर दिलं.

ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी मेंढपाळांना ठाऊक होती. १८३३ साली 'बीगल' जहाजावरच्या प्रवासात चार्ल्स डार्विन आजच्या उरुग्वेच्या भागात हिंडत होता. तिथे मोठमोठे कळप एक-दोन कुत्र्यांच्या राखणीवर माणसांपासून मैलोन् मैल दूर चरताना त्याला दिसले. त्यानं चौकशी केली. कुत्र्याचं पिल्लू अगदी लहान असताना आईपासून काढतात, दिवसातून तीन-चार वेळा मेंढी धरून त्याला तिचं दूध पाजतात आणि मेंढवाड्यातच लोकरीचं अंथरूण करून झोपवतात, असं त्याला सांगण्यात आलं. ते पिल्लू मोठं झालं की कळप सोडून जात नाही. डार्विननं आणखी एक बारकी गोष्ट टिपली आहे. हा कुत्रा मांसाचा तुकडा घ्यायला घरी येतो तेव्हा घरची कुत्री त्याला पळवून लावतात आणि तो शेपूट घालून पळतो. पण कळपापाशी पोचला की तोच वळून उभा राहतो आणि भुंकतो, मग घरची कुत्रीच माघारी पळतात. आपल्या माणसांत आल्यावर बळ येतं असं आपण म्हणतो. त्या कुत्र्याची माणसं म्हणजे मेंढ्या.

आमच्याकडे सुगी झाली की धनगरांचे वाडे येतात. मोकळ्या रानात मेंढरं बसवली की लेंडीमुताचं खत होतं, त्याबदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. वाड्याबरोबर घोडं असतं, घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड आणि कोंबड्या असतात, कुत्री असतात. रात्री जाळीच्या आत मेंढरं बसतात आणि जाळीला लागून कुत्रं पडून असतं. चार दिवसांची कोकरं त्याच्या शेपटीशी खेळतात. त्याच्या अंगावर पाय देऊन पलीकडे जातात. दात असलेलं ते तोंड कोकरांकडे वळत नाही. मी एकदा तिथल्या आजींना विचारलं, हे कुत्र्याला शिकवलं कुणी? त्या म्हणाल्या, "शिकवायचं काय त्यात? ह्यांच्यातच वाढलंय ते."

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या होर्नाडा संशोधन क्षेत्रात १९८० च्या दशकात याच्याच उलट बाजूनं प्रयोग झाला. तिथे लहान मेंढ्यांना काही आठवडे कालवडींबरोबर एकाच आवारात ठेवलं. नंतर मोकळ्या माळावर सोडल्यावरही त्या मेंढ्या गुरांना सोडून गेल्या नाहीत. लांडग्यासारखा दिसणारा कायोटी आला की त्या गुरांच्या पायांमध्ये शिरत आणि वाचत. एकत्र ठेवलेले थोडे दिवस पुढे मोकळ्या माळावरही पुरले.

माझ्या आजीच्या काळात हीच किमया अंगणात घडे. खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवत. कोंबडीचं अंडं एकवीस दिवसांत फुटतं, बदकाचं सुमारे अठ्ठावीस दिवसांत. म्हणजे ती कोंबडी आणखी एक आठवडा जागेवरून हलत नसे. आजी तिच्यासमोर दाणे-पाणी आणून ठेवी आणि म्हणे, हिचं बाळंतपण लांबलंय. पुढे ती पिल्लं पाण्यात उतरत आणि कोंबडी काठावर इकडून तिकडे धावत ओरडत राही. तिच्या दृष्टीनं तिची लेकरं बुडत होती. आपलं लेकरू आपल्याहून वेगळं निघालं तर जिवाची होणारी ती घालमेल कोंबडीच्या वाट्याला येत होती. संध्याकाळी पिल्लं ओली होऊन परतत आणि ती त्यांना पंखांखाली घेई. पंख ओले होत, तरी ती त्यांना बाहेर काढत नसे.

ही जवळीक नेहमी गोड असते असं सांगितलं तर ते खोटं होईल. २०२१ सालच्या अखेरीस आमच्याच मराठवाड्यातलं, बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातलं लवूळ हे गाव जगभरच्या बातम्यांत आलं. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर आणि घरांच्या छतांवर नेत होती. तिथून पडून किंवा उपाशी राहून पिल्लं मरत होती. वानरांनी कुत्र्यांचा सूड घेतला, अशी कथा पसरली. मेलेल्या पिल्लांचे आकडे प्रत्येक बातमीत वेगळे होते. डिसेंबरमध्ये वन विभागानं दोन वानरं पकडून नेली आणि प्रकरण थांबलं.

सूड हा शब्द माणसाचा आहे. वानराच्या मनात काय होतं ते आपण सांगू शकत नाही. पण मला त्या उंच छतावरचं पिल्लू राहून राहून आठवतं. वानरानं त्याला मायेनं उचललं असेल असं क्षणभर धरून चाललं, तरी त्या मायेचा पिल्लाला काय उपयोग होता? त्याला दूध हवं होतं आणि पायाखाली जमीन हवी होती. वानराकडे दोन्ही नव्हतं. धरून ठेवणं आणि सांभाळणं यांत हे अंतर आहे. आपणही आपल्या माणसांना कधी कधी अशाच उंच जागी नेऊन बसवतो, जिथे त्यांना श्वास घेता येत नाही, आणि वर म्हणतो की आमचा तुमच्यावर जीव आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला मला हेमलकसा दिसतं. गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यात १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथे शिकारीत आई गमावलेलं माकडाचं पिल्लू घरी आणलं आणि त्यातून अनाथ वन्यप्राण्यांचं घर उभं राहिलं. बिबट्या, अस्वल, हरणं, माकडं, कुत्री त्या अंगणात वाढली. 'रानमित्र' या पुस्तकात प्रकाश आमटे यांनी त्या दिवसांविषयी लिहिलं आहे. तिथली माया डोळस होती. बिबट्याला मांस, हरणाला पाला आणि तान्ह्या पिल्लाला वेळेवर दूध. ज्याला जे लागतं ते ओळखून देण्याचे कष्ट तिथे रोज घेतले गेले. दोन वेगळ्या जिवांमधली मैत्री टिकते ती दुसऱ्याचं वेगळेपण मान्य केल्यावरच. आमचा बैल शेळीकडून कडबा वाहून नेण्याची अपेक्षा करत नाही. शेळी बैलाला बाभळीवर चढ म्हणत नाही.

आमच्या सीमेवरच्या गावांना असं वेगळेपण मान्य करणं नवं नाही. आमच्या मामांचं आजोळ बोधनकडचं. बैलाशी ते मराठीत बोलतात, कारण बैल मराठी घरात वाढला. पिल्लाला मात्र त्यांनी पहिल्या दिवसापासून "रा, रा" अशी तेलुगूत हाक मारली, आईनं त्यांना मारली असेल तशी. आजही शेळी 'ये' म्हटलं तर येत नाही, 'रा' म्हटलं की धावत येते. बाजारात मराठी, तेलुगू, उर्दू एकाच पोत्यावर बसून भाव करतात. भाषा वेगळ्या राहिल्या, त्यांचे उच्चार वेगळे राहिले, आणि तरीही नदीच्या दोन्ही काठांनी एकमेकांच्या लेकी सुना म्हणून आणल्या.

आता मनातली खरी काळजी सांगतो. अशी सोबत जडायला आधी वेगवेगळे जीव एकत्र असावे लागतात. माझ्या लहानपणी आखाडा म्हणजे बैल, गाय, म्हैस, शेळ्या, कोंबड्या, कुत्रं, मांजर असा भरलेला संसार होता. आता ट्रॅक्टर आला, सोयाबीन आलं, कडबा कमी झाला आणि दावणी रिकाम्या झाल्या. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनं सांगितलं की देशातली देशी गुरं २०१२ च्या तुलनेत सुमारे सहा टक्क्यांनी घटली. शेळ्या मात्र सुमारे दहा टक्क्यांनी वाढल्या. अनेक घरांत आता दुधापुरती एकच म्हैस उरली आहे, किंवा पोळ्याच्या पूजेपुरता एक म्हातारा बैल. कुणाची परिस्थिती काय आहे हे मला माहीत आहे. वैरणीचा भाव काय आहे तेही माहीत आहे. ज्यांनी जनावरं विकली त्यांना मी दोष देत नाही.

पण एकटं उरलेलं ते जनावर मला अस्वस्थ करतं. गुरं ही कळपाची जात. इंग्लंडमध्ये क्रिस्टा मॅक्लेनन यांनी गायींच्या हृदयाचे ठोके मोजले. आवडत्या सोबतिणीबरोबर असताना गायीचे ठोके शांत चालत, अनोळखी गायीबरोबर ठेवलं की वाढत. म्हणजे सोबत ही जनावराच्या छातीत मोजता येते. आपण संध्याकाळी गोठ्यात गेलो की चारा आहे का बघतो, पाणी आहे का बघतो, शेण ओढतो, गोचीड झालेत का पाहतो. सोबत आहे का, हे विचारायची आपल्याला सवय नाही. ज्या बैलानं बारा वर्षं आपल्या पेरण्या ओढल्या, त्याचं हे एवढं देणं आपण लागतो.

त्याला फार पैसा लागत नाही. दुसरा बैल घेणं जमणार नाही, पण एखादी शेळी, एखादं वासरू जमू शकतं. घाई मात्र करू नये. नवं जनावर आणलं तर आधी काही दिवस वेगळं बांधावं. त्यामुळे रोगराईची शंका मिटते. पण एकमेकांना दिसेल, वास येईल अशा अंतरावर बांधावं. शिंगांचा आणि लाथेचा अंदाज घ्यावा. खुराक वेगवेगळा द्यावा, कारण बैलाच्या वाट्याची भरड शेळीनं भसाभस खाल्ली तर तिचं पोट बिघडतं. आणि मग वाट पाहावी. काही जनावरं जवळ येतात, काही येत नाहीत. माया लावता येत नाही, तिला जागा करून देता येते. जोडीतला एक जीव गेला तर दुसऱ्याला आठ-दहा दिवस जास्त वेळ द्यावा, त्याच्याजवळ बसावं, मानेखालच्या पोळीवरून हात फिरवावा. मी ते त्या कार्तिकात केलं नव्हतं. माझं काम एका ओंजळभर पिल्लानं केलं.

गेल्या आठवड्यात शेळ्यांचा व्यापारी आखाड्यावर आला होता. खोपटातल्या शेळ्या पाहून झाल्या आणि त्याची नजर दावणीकडे गेली. ही दोन वर्षांची, अंगानं भरलेली, काळीभोर. त्यानं जवळ जाऊन तिच्या पाठीवरून हात दाबत नेला, दात पाहिले आणि भाव सांगितला. भाव चांगला होता. घरात मुलीच्या फीचा विषय चालू होता आणि मी मनात आकडे मांडू लागलो, हे मान्य करायला हवं. तेवढ्यात वैरणीचा भारा घेऊन मामा आले. व्यापारी काय विचारतोय ते त्यांनी ऐकलं. भारा खाली टाकला आणि माझ्याकडे न बघता त्याला म्हणाले, "ती इकायची न्हाई. ती बैलाची हाय."

व्यापाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

तो बाकीच्या शेळ्यांकडे वळला. बैल उभा होता. शेळीनं त्याच्या पुढच्या पायाला अंग घासलं आणि गव्हाणीत उडी मारून कडब्याचं पान ओढलं. बैल थांबला, तिनं पान ओढून घेईपर्यंत थांबला, आणि मग त्याच पेंढीत त्यानं तोंड घातलं.